पानात आहे, बोंडात नाही

(सोयगाव येथे कापूस-ज्वारी उत्पादकांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकीला येणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी छापले आहे.)



बैठक सुरू व्हायच्या आधी एका मावशींनी पदरातून चार कैऱ्या काढून आमच्यापुढे ठेवल्या. वरून पाहिल्या तर चारही हिरव्यागार, टणक. कुठे भोक नाही, विष्ठा नाही. विळ्याने चिरल्या तर तिघींच्या आत गुलाबी अळी बसलेली, सरकी खाऊन पोकळ केलेली, रुई पिवळी पडलेली. मावशी म्हणाल्या, "भाऊ, पाकिटावर बीटी लिहिलंय. दुकानदारानं पक्की पावती दिलीय. पानं खाणारी अळी तर दिसत नाही. मग ही आत शिरली कशी अन् जगली कशी?"

आज आमच्या मनात भावाविषयी बोलायचे होते. पण मावशींचा प्रश्न त्याहून मोठा आहे. भाव मिळायला आधी घरात माल यावा लागतो. म्हणून आज एवढाच प्रश्न घेऊ. याचे एक उत्तर सगळ्यांना पाठ आहे: अळीला बीटीची सवय झाली. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. सवय का झाली, इतक्या लवकर का झाली आणि तीही बोंडात बसणाऱ्या अळीलाच का झाली, हे कोणी सांगत नाही. ते कळायचे तर झाड आपल्या कोणत्या भागात काय तयार करते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

झाड एक, कारखाने वेगवेगळे

तुम्ही म्हणाल, हे कॉलेजातले शास्त्र आम्हाला कशाला? पण हे शास्त्र तुम्हाला आमच्या आधीपासून ठाऊक आहे, फक्त नाव वेगळे आहे. ज्वारी गुडघ्याएवढी असताना, त्यातही पावसाने ओढ दिलेली असताना, तुम्ही त्यात बैल सोडता का? सोडत नाही. किरळ लागते, जनावर फुगते, धापा टाकते आणि तासाभरात मरते. तीच ज्वारी पोटरीतून बाहेर पडली, निसवली, वाळली की तिचा कडबा तुम्ही पोटभर घालता आणि तिच्याच दाण्याची भाकरी आपण खातो. ज्वारी तीच आहे. कोवळ्या पोंग्यात आणि कापणीनंतरच्या फुटव्यात धुरिन नावाचा पदार्थ भरपूर असतो, त्यातून विष सुटते. झाड वाढते तसा तो कमी होतो आणि पिकलेल्या दाण्यात राहत नाही. म्हणजे झाडाचा भाग कोणता, वय काय आणि पाण्याचा ताण किती, यावर त्या झाडातले विष ठरते.

दुसरे उदाहरण बांधावरच्या एरंडाचे. एरंडाचे तेल आपण औषध म्हणून घेतो, पण बी चावून खाल्ले तर जिवावर बेतते. बियांत रिसिन नावाचे प्रथिन असते. तेल गाळले की ते प्रथिन पेंडीत राहते, म्हणून एरंडीची पेंड खतात घालतात, जनावराला घालत नाहीत. सोनाराच्या तराजूतल्या गुंजेच्या बीतही त्याच घराण्यातले विष आहे. या घराण्याला शास्त्रात लेक्टिन म्हणतात. लेक्टिन म्हणजे विशिष्ट साखर ओळखून तिला घट्ट चिकटणारे प्रथिन. सगळीच लेक्टिने विषारी नसतात. राजम्यातले लेक्टिन कच्चे खाल्ले तर उलट्या होतात, चांगले उकळले की ते निकामी होते. आपल्या आया डाळी-कडधान्ये भिजवून, शिजवून का खाऊ घालत आल्या, त्यातले एक कारण हे आहे.

गव्हाचा पहारेकरी

आता गव्हाकडे येऊ. ज्यांच्या विहिरीला थोडे पाणी आहे ते रब्बीत गहू घेतात. गव्हाच्या दाण्याला टोकाशी एक बारीक कोंब असतो, त्याला गर्भ म्हणा. त्या गर्भात एक लेक्टिन असते आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते प्रसिद्ध आहे. ते ज्या साखरेला चिकटते तिची साखळी म्हणजे कायटिन. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते, किड्याचे कवच कायटिनचे असते, अळीच्या आतड्याच्या अस्तरातही कायटिन असते. काही किडींच्या अळ्यांना हे लेक्टिन प्रयोगशाळेत खाऊ घातले तर त्यांची वाढ खुंटते. म्हणून हा दाण्यातला पहारेकरी आहे, असे शास्त्रज्ञ मानतात.

हा पहारेकरी गव्हाच्या झाडात सगळीकडे उभा नसतो. आम्हाला यातून घ्यायचा मुद्दा एवढाच आहे. दाण्यातल्या पिठूळ भागात तो नसतो, हिरव्या पानात नसतो. तो गर्भात असतो आणि तिथेही मुख्यतः बाहेरच्या थरातल्या पेशींत, म्हणजे जिथे मातीशी, बुरशीशी पहिली गाठ पडते तिथे. पुढे रोप वाढते तेव्हा मुळाच्या टोकाशी आणि खोडाच्या बुडाशी तो थोडा तयार होतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे थर एकेक करून तपासले. दाणा पिकताना त्याला झोपवणारे जे संप्रेरक झाडात वाढते, त्याचाच या लेक्टिनच्या निर्मितीला हुकूम असतो, हेही त्यांनी दाखवले. पाण्याचा ताण पडला की झाडात वाढणारे संप्रेरकही तेच.

आता गव्हाच्या प्रत्येक पेशीत या लेक्टिनचे जनुक, म्हणजे ते तयार करण्याची लेखी कृती, आहेच. पानाच्या पेशीतही आहे. कृती सगळ्या घरात आहे, पण स्वयंपाक एकाच घरात होतो. कारण प्रत्येक कृतीच्या डोक्यावर एक बटण असते. कोणत्या पेशीत, कोणत्या वयात ते दाबले जाईल हे ठरलेले असते. गव्हाने हजारो वर्षांत शिकून ठेवले आहे की प्रथिन तयार करायला नत्र लागते, मेहनत लागते, म्हणून जिथे गरज आहे तिथेच ते करावे.

एवढे लक्षात ठेवा: जनुक असणे वेगळे आणि त्या जागी, त्या दिवशी प्रथिन असणे वेगळे. मावशींच्या पाकिटावर लिहिले आहे ते जनुकाबद्दल. कैरीत हवे होते ते प्रथिन.

कपाशीत घातलेला पाहुणा

बीटी म्हणजे मातीत राहणारा एक जिवाणू. तो क्राय नावाची प्रथिने करतो. अळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या भिंतीवरच्या ठराविक खुंटीला जाऊन अडकते, भिंतीला छिद्रे पडतात, अळी खाणे सोडते आणि मरते. माणसाच्या, बैलाच्या पोटात ती खुंटी नसते. क्राय १ एसी हे प्रथिन अळीच्या आतड्यावरच्या एका साखरेलाही चिकटते, असे तंबाखूवरच्या अळीच्या अभ्यासात दिसले आहे. म्हणजे कामाच्या रीतीने ते लेक्टिनचे चुलत भावंडच झाले.

या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले गेले. आपल्याकडे त्याची कहाणी सरळ नाही. २००१ मध्ये गुजरातेत हजारो एकरांवर विनापरवाना बीटी कपाशी उभी असल्याचे उघड झाले आणि सरकारने ती उपटून जाळण्याचा हुकूम काढला. तेव्हा शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. २६ मार्च २००२ रोजी तीन संकरित बीटी वाणांना पहिली परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे बीजी-२ आले, त्यात क्राय १ एसी आणि क्राय २ एबी ही दोन प्रथिने. ज्यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकन बोंडअळीसाठी आठवड्याला फवारे मारले आहेत, त्यांना हा बदल काय होता हे सांगायला नको. त्या हिरव्या अळीला बीजी-२ आजही बऱ्यापैकी रोखून धरते. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पण कपाशीत घातलेल्या या जनुकाच्या डोक्यावर जे बटण बसवले, ते कपाशीचे नव्हते. ते एका विषाणूकडून घेतलेले होते, फुलकोबीवरच्या. त्याचा गुण असा की ते सगळ्या भागांत, सगळ्या वयात चालू राहते. कागदावर तसे आहे. शेतात काय झाले?

नागपूरचे मोजमाप

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत डॉ. केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातली आठ बीटी संकरित वाणे घेतली आणि झाडाच्या प्रत्येक भागात क्राय १ एसी किती आहे ते वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजले. २००५ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात ते छापून आले. निष्कर्ष साध्या भाषेत सांगतो.

एक: प्रथिन सर्वांत जास्त पानात. त्याखाली पात्या, मग बोंडे आणि फुले. बोंडाच्या सालीत, पातीच्या आतल्या कळीत आणि फुलाच्या अंडाशयात, म्हणजे ज्यातून पुढे कैरी होते त्याच भागात, ते इतके कमी की पूर्ण संरक्षण देण्यास अपुरे.

दोन: एक ग्रॅम भागात सुमारे दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट, एवढ्याखाली प्रथिन उतरले की बोंडअळ्या वाचू लागतात.

तीन: झाडाचे वय वाढेल तसे प्रथिन उतरत जाते. आठही वाणांत उतरले. कुठे भरभर, कुठे सावकाश, पण उतरले सगळ्यांत.

आता हे आपल्या हंगामावर ठेवून पाहा. साठाव्या दिवसापर्यंत झाडाला मुख्यतः पाने आणि पात्या. प्रथिन भरपूर, शेत स्वच्छ, शेतकरी खूष, दुकानदार खूष. नव्वद दिवसांनंतर पैसा कुठे असतो? बोंडात. आणि प्रथिन कुठे कमी असते? बोंडात. ज्याला विकून पोरीचे लग्न करायचे, सोसायटी फेडायची, त्याच ठिकाणी पहारा सर्वांत ढिला. गुलाबी अळी तर पान खातच नाही. तिची मादी पाती-फुलांवर आणि कोवळ्या कैरीवर अंडी घालते, अळी बाहेर पडली की काही वेळातच आत शिरते आणि मागचे भोक बुजून जाते. म्हणून मावशींच्या कैरीला बाहेरून काही दिसले नाही. पानातले विष तिच्या वाटेवर येतच नाही.

कोरडवाहूत उतार जास्त का

प्रथिन म्हणजे नत्र. झाडाला नत्र मिळाले नाही तर ते प्रथिन कशातून करणार? बोंडे भरू लागली की झाड जुन्या पानांतले नत्र काढून सरकीला देते, कारण झाडाच्या दृष्टीने सरकी म्हणजे पुढची पिढी. आपण घातलेल्या पाहुण्या प्रथिनाचा नंबर शेवटी लागतो. त्यात पावसाचा खंड पडला की मुळे नत्र उचलत नाहीत. एखाद्या आठवड्यात घाटावरून पाणी लोटले आणि शेतात साचले, तरी मुळे गुदमरतात आणि तोच परिणाम होतो. उष्णता वाढली तरी प्रथिनाची निर्मिती घटते. नत्राची टंचाई, ताण, उष्णता या तिन्हींचे हे परिणाम वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगांत दिसले आहेत.

म्हणजे एकच पाकीट ठिबकवाल्याच्या शेतात आणि सोयगावच्या डोंगरपायथ्याच्या मुरमाड शेतात सारखे काम करणार नाही. पण किंमत दोघांना सारखी. २०२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने बीजी-२ च्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली. त्या पाकिटावर कोरडवाहूसाठी एक ओळ वेगळी छापलेली तुम्ही कधी पाहिली का?

एका बोंडातले सोळा भाऊ

आता जी गोष्ट सांगतो ती नीट ऐका. आमच्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे.

प्रत्येक सरकीत एका गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची, एक बापाची. आपल्या बहुतेक संकरित बीटी बियाण्यात एकच पालक बीटी असतो. म्हणून पाकिटातल्या बियाला एक चिठ्ठी बीटीची, एक कोरी. झाड बीटी होते, कारण एक चिठ्ठी पुरते. पण त्या झाडाच्या बोंडात जी नवी सरकी तयार होते, तिच्यात या चिठ्ठ्या पुन्हा वाटल्या जातात. एका जनुकाचा हिशेब केला तर चार सरक्यांत सरासरी तीन बीटी आणि एक कोरी.

बीजी-२ मध्ये जनुके दोन. मग सोळा सरक्यांचा हिशेब असा: नऊ सरक्यांत दोन्ही प्रथिने, तीनमध्ये फक्त पहिले, तीनमध्ये फक्त दुसरे आणि एकीत काहीच नाही. एका बोंडात साधारण तीसेक सरक्या धरा. म्हणजे त्यातल्या दोनेक पूर्ण कोऱ्या आणि अकरा-बारा अर्ध्या. गुलाबी अळी खाते काय? सरकी. एका बोंडात बसून ती आज कोरी सरकी खाते, उद्या एका विषाची चव घेते, परवा दुसऱ्याची. विष एकदम पुरेसे मिळाले तर ती मरेल. थोडे थोडे, कमी-जास्त मिळाले तर त्यातल्या चिवट अळ्या वाचतील आणि त्यांचीच पिल्ले पुढच्या वर्षी येतील. अळीला विषाची तालीम द्यायची असती तर याहून चांगली तालीम आखता आली नसती.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात शेतकरी सरळ वाणाचे बीटी बियाणे पेरतात. तिथे दोन्ही चिठ्ठ्या बीटीच्या, म्हणून बोंडातली प्रत्येक सरकी बीटी. अमेरिकेने सरळ बीटी वाण, नपुंसक केलेले पतंग सोडणे, कामगंध आणि पऱ्हाटीचा वेळेवर नाश ही चारही शस्त्रे एकत्र चालवली आणि २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात तिने कहर केला होता. अळी एकच आणि जनुकेही त्याच घराण्यातली. फरक बियाण्याच्या घडणीत आणि शिस्तीत होता.

आपल्याकडे संकरितच का? संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, सरळ वाणाचे शेतकरी घरी ठेवू शकतो. कारण यापेक्षा अवघड नाही.

कुलूप बदलले आणि आमची चूक

अळी कशी निर्ढावली तेही पाहू. प्रथिन म्हणजे किल्ली, आतड्यावरची खुंटी म्हणजे कुलूप. लाखो अळ्यांत एखादीचे कुलूप जन्मतःच बिघडलेले असते. किल्ली लागत नाही, अळी वाचते. भारतातल्या निर्ढावलेल्या गुलाबी अळ्यांत कॅधेरिन नावाची ही खुंटीच मोडलेली असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या जिल्ह्यांत एका जनुकाचे बीटी या अळीपुढे हरल्याचे २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केले. २०१५ पर्यंत तिथे बीजी-२ सुद्धा हरले. दोन वर्षांनी ती लाट आपल्या दारात आली.

हे लांबवायचा एक उपाय होता. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी मिळायची. कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढे, ती लावायची. तिच्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग निर्ढावलेल्या पतंगांशी जुगतात आणि मिश्र पिल्ले बीटीवर मरतात. अट एकच: बीटीत विषाची मात्रा जबर हवी. मात्रा बोंडात उतरलेली असेल तर मिश्र पिल्लेही वाचतात.

त्या पुड्या आपण लावल्या का? बहुतेकांनी फेकल्या किंवा नांग्या भरायला वापरल्या. आणि इथे आम्हाला कबुली द्यायची आहे. २००८-०९ च्या सुमारास आम्ही कार्यकर्ते गावोगाव सभा घेत होतो. कृषीची पदवी खिशात होती. लोक विचारायचे, ही पुडी लावायची का? आम्ही म्हणायचो, दोन ओळी तुरीच्या टाका, तोही आश्रयच आहे. अमेरिकन बोंडअळीपुरते ते खरे होते, ती तुरीवर जगते. गुलाबी अळी मात्र कपाशीवाचून जगत नाही, तिला तुरीचा आश्रय म्हणजे काहीच नाही. एवढे आम्हाला शिकवलेले होते. आम्ही ते सांगितले नाही, कारण गुलाबी अळी तेव्हा कोणाच्या लक्षातच नव्हती. ज्यांनी आमचे ऐकले त्यांचे २०१७ मध्ये नुकसान झाले. ती चूक आमची आहे आणि ती या व्यासपीठावरून मान्य केल्याशिवाय आम्हाला दुसऱ्यांना जाब विचारण्याचा हक्क नाही.

नुकसान कोणाचे, हिशेब कोणाचा

आता जाब विचारू. २०१७ मध्ये गावोगाव जी फॉर्म भरले, पंचनामे झाले. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात सरकारने कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये मिळतील असे सांगितले. त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. कंपन्यांनी हात वर केले. त्यांचे म्हणणे काय? बियाणे सदोष नाही. त्यात जनुक आहे, उगवण आहे, शुद्धता आहे. अळी निर्ढावली तर आमचा काय दोष?

भावांनो, त्यांचा युक्तिवाद कायद्यात बसतो, कारण तपासणी बियाण्याची होते. शंभराव्या दिवशी बोंडात प्रथिन किती, हे पाकिटावर लिहायचे बंधन नाही, म्हणून त्याची हमी नाही, म्हणून ते नसले तर दोषही नाही. ट्रॅक्टर घेताना अश्वशक्ती विचारतो, युरियाच्या गोणीवर नत्र ४६ टक्के छापलेले असते, कीटकनाशकाच्या बाटलीवर विषाचे प्रमाण आणि मुदतीची तारीख असते. कपाशीच्या झाडातल्या कीटकनाशकाचे मात्र प्रमाणही नाही आणि मुदतही नाही.

मग शेतकरी करतो काय? फवारतो. बियाण्याचे पैसे दिले, वर औषधाचे दिले. त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. प्रथिन बोंडात कमी पडले त्याची किंमत शेवटी कोणी मोजली, ते यावरून समजा.

आपले काम आणि आपली मागणी

आधी आपल्या हातातले. १ जूनच्या आधी कपाशी टोचू नका. आगाप कपाशीच्या पात्यांवर पहिले पतंग पोसले जातात. दीडशे-एकशे साठ दिवसांत आटोपणारे वाण घ्या, म्हणजे प्रथिन उतरण्याच्या काळात शेतात बोंडे कमी राहतील. पंचेचाळीस दिवसांपासून एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले तर उपाय सुरू करा. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुले, डोमकळ्या, दिसल्या की तोडून जाळा. आतली अळी तिथेच संपते. दर आठवड्याला वीस कैऱ्या फोडून पाहा, दोनमध्ये अळी सापडली तर फवारणीची वेळ आली. फवारणी करताना दोन-तीन औषधे मिसळू नका, तोंड बांधा, वाऱ्याकडे पाठ ठेवा. नत्राचे हप्ते वेळेवर द्या. एकदम देऊन पाने वाढवू नका.

आणि फरदड. आम्हाला माहीत आहे, कोणी फरदड हौसेने ठेवत नाही. रब्बीला पाणी नाही, कवडीमोल भावात पहिली वेचणी गेली, चार पैसे अजून मिळतील म्हणून पऱ्हाटी उभी राहते. पण जानेवारीनंतरच्या कैरीत प्रथिन नावापुरते आणि अळ्या पोटभर. पुढच्या जूनचे बियाणे आपण तिथेच तयार करतो, कपाशीचे नव्हे, अळीचे. डिसेंबरअखेर शेत मोकळे करा, मेंढरे बसवा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका. हे एकट्याने करून उपयोग नाही. पतंगाला बांध कळत नाही. गावाने ठरवले तरच फळ येईल.

आता मागणी. आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. ज्या दिवशी या देशात शेतकऱ्याला नवे बियाणे वापरायला बंदी होते, त्या दिवशी तो दुसऱ्या देशांच्या शेतकऱ्याशी हात बांधून लढतो. तंत्रज्ञान हवेच आहे, पण त्याचा पूर्ण हिशेब हवा. म्हणून:

१. प्रत्येक बीटी वाणाच्या पाकिटावर पान, पाती आणि बोंड यांत साठ, नव्वद आणि एकशे वीस दिवसांना प्रथिन किती, ते छापले जावे आणि ते कोरडवाहू शेतात मोजलेले असावे.

२. सरळ, लवकर येणारी बीटी वाणे विद्यापीठांनी आणि नागपूरच्या संस्थेने मुबलक पुरवावीत, म्हणजे बोंडातली प्रत्येक सरकी बीटी असेल आणि बी घरचे ठेवता येईल.

३. पुढचे प्रत्येक जनुक आणताना पहिला प्रश्न हा विचारला जावा: कीड खाते कुठे आणि प्रथिन तयार होते कुठे? हे अशक्य नाही. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटने लसणाच्या पानातले लेक्टिन भात आणि मोहरीत घालून पाहिले, तेव्हा रस शोषणाऱ्या किडीसाठी ते झाडाच्या रसवाहिनीतच तयार होईल असे बटणही वापरून पाहिले. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने नेच्याच्या झाडातले कायटिनला चिकटणारे प्रथिन कपाशीत घालून पांढरी माशी मरते असे २०१६ मध्ये दाखवले. आपल्या देशात हे डोके आहे. ते शेतापर्यंत यायला वाट मोकळी हवी.

मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढे लांब झाले. थोडक्यात सांगायचे तर पाकिटावर जे लिहिले होते ते खोटे नव्हते. जनुक होते. पानात प्रथिनही होते. ज्या कैरीसाठी तुम्ही पैसे मोजले, त्या कैरीत ते पुरेसे आहे असे कोणीच लिहून दिले नव्हते. पुढच्या हंगामात दुकानात उभे राहाल तेव्हा एवढेच विचारा: "बोंडात किती आहे?" दुकानदाराला सांगता येणार नाही. त्याने वितरकाला विचारावे, वितरकाने कंपनीला. या तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक पाकिटामागे एकदा तरी हा प्रश्न विचारला गेला, तर तो छापील कागदावर यायला वेळ लागणार नाही.

या चार कैऱ्या आम्ही जिल्हा बैठकीला घेऊन जातो. तुम्हीही प्रत्येक गावातून चार चार आणा, आणि चिरायला विळा आणा.